पदराच्या घुंगरांबाबत खुलासा

सर्व सोयरेधायरे, शेजारीपाजारी आणि भजनाला येणाऱ्या बायकांना या मजकुराने कळविण्यात येते की, माझ्या पदराच्या टोकाला घुंगरं का आहेत, या प्रश्नाचा निकाल मी आज जाहीररीत्या लावीत आहे. हा निकाल अखेरचा आहे. यावर अपील नाही. खुलासा मी पूर्ण शुद्धीत, पोटभर जेवून आणि कुणाच्याही दबावाखाली न येता करीत आहे.

प्रश्न जुना आहे. मी देवळात शिरले की कीर्तन क्षणभर अडखळतं. लग्नात मी जेवायला बसले की वाढपी मान न वळवता ओळखतात आणि बुंदीचं ताट दुसऱ्या पंगतीकडे वळवतात. मयताच्या घरी मी पदर मुठीत धरून जाते, तेवढं तारतम्य मला आहे. तरी लोक विचारतात. कुणी म्हणतं नवस असेल. कुणी म्हणतं डोक्यावर परिणाम झालाय. माझ्या थोरल्या जावेच्या मते मला लोकांनी बघावं म्हणून मी ते करते. या तिघांचंही थोडं थोडं बरोबर असावं, पण मूळ हकीकत वेगळी आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. ही घुंगरं माझ्या मैत्रिणीनं स्वतःच्या घागऱ्याची उसवून दिली, आणि टाचली माझ्या सासूनं. स्वतःच्या हातानं, दुहेरी दोऱ्यानं. सुनेची जोडवीसुद्धा फरशीवर वाजू नयेत असं जिचं म्हणणं होतं, तिनं. हे सगळं पुढच्या हकीकतीच्या दुसऱ्याच दिवशी झालं; सासू अशी का वागली, ते हकीकत संपताना कळेलच.

नावं मी कुणाचीच घेणार नाही. नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेता येत नाही आणि माझे उखाणे लग्नातच संपले. मग बाकीच्यांची नावं घेऊन त्यांच्यावर अन्याय कशाला?

तर लढाईचे दिवस होते. लढाई कुठे तरी लांब चालली होती. आमच्याकडे तिची एकच खूण पोचली होती, ती म्हणजे कापड मिळेना. राज्य निजामाचं, कापडाला कंट्रोल. सासऱ्यांनी बरीच खटपट करून वसमतहून एका रंगाची, एका काठाची लुगडी आणली. रंग जांभळ्या वांग्याचा. सासू, थोरली जाऊ आणि मी, तिघी त्याच रंगात. आम्ही ओसरीवर ओळीनं निवडायला बसलो की वाफ्यात वांगी लागल्यासारखं दिसायचं. पाठमोरी कोण कोणती, हे घरच्या कुत्र्यालाही सांगता येत नसे.

कुत्र्याचं जाऊ द्या. आमच्या घरधन्यांनाही येत नसे. एकदा त्यांनी कुरुंद्याच्या बाजारातून माझ्यासाठी रेवडी आणली. तिन्हीसांजेची वेळ, चुलीपुढे एक वांगं पाठमोरं बसलेलं. त्यांनी पावलं न वाजवता जाऊन रेवडीची पुडी त्या पदरात टाकली, कानाशी काही तरी पुटपुटले आणि लगबगीनं बाहेर गेले. पदर सासूचा होता. सासूनं रेवडी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांना विचारलं, "आज न्हाई आणली व्हय रे रेवडी?" पुढे कित्येक महिने आमचे हे घरात कुणाच्याही पाठीमागे उभे राहिले नाहीत.

मी त्या घरात येऊन दीड वर्ष झालं होतं. माझं माहेर कनेरगाव नाक्याकडे, वऱ्हाडाच्या शिवेवर. तिथली बोली वेगळी. मी तोंड उघडलं की 'मले' आणि 'तुले' बाहेर पडायचं, आणि सासरच्या गावात हे बोलणारी मी एकटीच. त्यामुळे मला बघून कुणी ओळखत नसलं, तरी ऐकून अख्खं गाव ओळखायचं. सासूचं सांगणं असे की सुनेची बांगडी वाजू नये, पाऊल वाजू नये, भांडं वाजू नये. मी सगळं पाळलं. मांजरासारखी चालायला शिकले. तोंड मात्र माझं कंट्रोलवर नव्हतं.

माझी मैत्रीण याच्या बरोबर उलट. ती ओढ्यापलीकडच्या तांड्यातली. तिच्या आज्याच्या काळी त्यांचे लोक बैलांच्या पाठीवर मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या लादून मुलूख पालथा घालत. तिच्या काळी बैलही गेले नि गोण्याही गेल्या. थोडी शेती उरली होती, आणि तिच्याकडे पंधरा-वीस गुरं. ती चारायला ती रोज निघायची आणि उन्हं डोक्यावर आली की ओढ्यावर पाणी पाजायला आणायची. मी तिथेच धुणं घेऊन जायची.

ती बोलायचीच नाही. दिवसाला चार शब्द, तेही लागले तर. बोलायचे ते तिचे कपडे. घागऱ्याच्या घेराला कवड्या, कवड्यांखाली पितळी घुंगरं. पाठ उघडी ठेवून नुसत्या बंदांनी बांधायच्या चोळीवर, म्हणजे काचळीवर, आरसे. ओढणीच्या काठाला जुन्या नाण्यांची झालर. ती नुसती बसली तरी कुणी तरी भांडी आवरतंय असं वाटे. तिचे कपडे बोलत आणि ती गप्प. माझे कपडे गप्प आणि मी बोलत. आमची मैत्री जमायला आणखी काही लागलंच नाही.

तिच्या गुरांत एक म्हातारी तांबडी गाय होती. दोन्ही डोळ्यांनी आंधळी. पण कळपाची म्होरकी तीच. ती उठली की बाकीची उठत, ती वळली की बाकीची वळत. आणि ती स्वतः चालायची मैत्रिणीच्या घागऱ्याच्या आवाजामागे. मैत्रिणीनं त्या गाईला कधी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. गरजच नव्हती. ती चालायला लागली की गाय कान टवकारी आणि मागोमाग निघे.

एवढी माहिती माझ्याकडे असताना मी जे केलं, ते केलं.

ते कपडे एकदा तरी अंगावर घालून बघायचेच, असं मी ठरवलं होतं. "मले एकदा घालू दे न वं," असं मी पावसाळ्यापासून म्हणत होते. ती म्हणायची, "जड हाय." झालं, त्या दिवसाचे दोन शब्द खर्च. फाल्गुनातल्या एका दुपारी मात्र तिनं माझ्या लुगड्याचा पदर दोन बोटांत धरून हलवून बघितला. कानाशी नेला. मग म्हणाली, "ह्यात झोपता येतंय. वाजत न्हाई." बाईला आयुष्यात एकदा आवाजाशिवाय झोपायचं होतं.

झाडीआड आम्ही अदलाबदल केली. काचळी मी माझ्या चोळीवरूनच बांधली. पाठ उघडी टाकायचं धाडस त्या दिवशी एवढंच काय ते कमी पडलं. तिला धुण्यातली जावेची चोळी दिली आणि माझं लुगडं नेसवून दिलं. कोपरापासून वर गच्च भरलेल्या तिच्या पांढऱ्या बांगड्या पदरानं झाकल्या. वांग्याच्या रंगात ती हुबेहूब आमच्या घरची दिसायला लागली. मग करंजाच्या सावलीत आडवी झाली आणि तिला तत्काळ झोप लागली.

मी एक पाऊल टाकलं. छन्न.

दुसरं टाकलं. मग कमरेला जरासा हेलकावा दिला, तर आरशांचे कवडसे झाडाच्या बुंध्यावर नाचले. गिरकी घेतली तर ओढा दणाणला. दीड वर्ष ज्या बाईचं पाऊल कुणाला ऐकू आलं नव्हतं, तिला आता पलीकडच्या शिवारातही ऐकू येत होतं. ओढणी हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि म्हटलं, चिंचेपर्यंत जाऊन येऊ. चिंच आली. म्हटलं, बांधापर्यंत जाऊ. बांध आला. तिथून आमचं खळं दिसत होतं, आणि खळ्यावर सासू.

आता मला सांगा, असे कपडे अंगावर असताना कोण परत फिरेल? सासू ओळखते का, ते बघायचंच, असं मी ठरवलं. मागे वळून मात्र बघितलं नाही. माझा स्वतःचाच आवाज इतका होता की मागचं काही ऐकूही येत नव्हतं.

खळ्यावर शिजवलेली हळद वाळत घातली होती. जमीन दिसू नये अशी पसरलेली, अजून ओलसर. मधोमध मळणीचा तिवडा, म्हणजे बैल ज्याच्याभोवती फिरवतात तो खांब, ज्वारी झाल्यावर काढायचा राहून गेला होता. सासू कोंबड्या हाकायला काठी घेऊन कडेला बसलेली.

"काय गं बाई, तांड्याची व्हय?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. नाणी वाजली.

"हळदीवरून जाऊ नको हां. कडनं ये. पाणी पेती का?"

मी पुन्हा मान हलवली. सासूनं तांब्या पुढे केला. मी ओढणीआडून पाणी प्यायले. दीड वर्षात सासूनं मला दिलेलं हे पहिलं पाणी.

"आमची धाकली गेली वड्याला धुणं घेऊन," सासू म्हणाली. "सकाळची गेली. धुणं वाळून कडक झालं असंल, पण हिचं बोलणं सरलं नसंल. माणूस न्हाई भेटलं तर दगडाला सांगत बसंल."

मी जोरजोरात मान हलवली.

"तुमच्यात अशा असत्यात का गं सुना? हिच्या तोंडाला झाकणच न्हाई." मग तिनं एक हळकुंड उचललं, नखानं टोकरून बघितलं आणि परत ठेवलं. "पर घरात नसली की करमत न्हाई. थोरली अन् मी, दोघी मुक्या म्हशीवानी बसून राहतो."

मी काही तरी बोलणार, एवढ्यात सासूची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि तिनं आ वासला.

मी वळले. तांबडी आंधळी गाय माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. मान वर, कान पुढे. आणि तिच्यामागे अख्खा कळप, अगदी शिस्तीत.

"हाकल! अगं हाकल की!" सासू ओरडली.

मी हाकलायला धावले. धावले म्हणजे वाजले. वाजले म्हणजे गाय मागे आली. गाय आली म्हणजे सगळी आली. मी घाबरून हळदीत शिरले, तीही शिरली. मी तिवड्याभोवती पळायला लागले, कळपानं मळणीच्या बैलांनी पात धरावी तसा फेर धरला. आमच्या गावात ज्वारीची मळणी होते, गव्हाची होते. हळदीची मळणी त्या दिवशी पहिल्यांदा झाली. गुरं खुरांपासून गुडघ्यापर्यंत पिवळी, माझे पाय पिवळे, आणि सासू काठी घेऊन आमच्याबरोबर गोल फिरतेय. बघायला लोक जमले आणि काही वेळ कुणाला पुढे व्हावंसं वाटलं नाही. इतकं ते बघण्यासारखं होतं.

अखेर चार गडी काठ्या घेऊन धावले. त्यांनी गुरं हाकत नेऊन चावडीशेजारच्या कोंडवाड्यात घातली. सासूनं माझा दंड ओढणीवरून धरला. "चल पाटलापुढं!"

पाटील चावडीवर तक्क्याला टेकून बसले होते. माणूस वाईट नव्हता. पण निजामाच्या राज्यात पाटलाला सरकार आणि गाव, दोन्हीकडून जाब असायचा, म्हणून ते सगळं नियमानं करीत.

"गुरं तुझी का?"

मी मान हलवली.

"नाव?"

मी गप्प.

"तांड्याचा नायक कोण?"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे बोलायला इतकं होतं आणि मला बोलता येत नव्हतं. एक 'मले' बाहेर पडलं असतं तर मी कोण ते गावाला कळलं असतं, आणि मी कोण ते कळलं असतं तर गुरं माझी नाहीत हेही कळलं असतं.

"जिला आपल्या नायकाचं नाव सांगता येत न्हाई तिची गुरं कशी म्हणायची?" पाटील लोकांकडे बघून म्हणाले. "बराबर हाय का न्हाई?"

"बराबर," लोक म्हणाले. कुणी तरी मागून पुस्ती जोडली, "चोरून आणली असतील."

"उद्या सकाळच्या पारी वसमतच्या कोंडवाड्यात पाठवून देतो. ज्याची असतील त्यानं तिथून सोडवावी."

याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. तालुक्याला गेलेली तांड्याची गुरं तांड्यात परत येत नसत. बेवारशी म्हणून त्यांचा लिलाव होई. आणि लिलावात म्हाताऱ्या आंधळ्या गाईवर बोली कोण लावतो, हे शेतकऱ्याच्या लेकीला कुणी सांगायला नको.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि वांग्याच्या रंगाचं लुगडं आत आलं. पदर नाकापर्यंत, दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. माझी मैत्रीण जागी झाली होती, ना कपडे ना गुरं, आणि पिवळ्या खुरांच्या मागावर चालत आली होती.

"आली व्हय राणी?" सासू म्हणाली. "धुणं कुठं हाय?"

मैत्रिणीनं पदर आणखी खाली ओढला.

"बघा पाटील. रोज बोलून बोलून डोकं खाती, अन् आज विचारलं तर तोंड उघडत न्हाई."

मैत्रीण कुणाकडे न बघता कोंडवाड्याच्या भिंतीशी गेली. आत बघून तिनं बारीक आवाजात गाईला हाक मारली. इतक्या वर्षांतली बहुधा पहिलीच. गाईनं कान हलवले आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. तो आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. मैत्रिणीनं पुन्हा हाक मारली, गाय वळली नाही. पदराआडून तिचा चेहरा मला दिसला. तो आजही दिसतो, म्हणून त्याबद्दल इथे लिहीत नाही.

"तू कशाला मधी पडती?" म्हणत सासूनं तिला मागे ओढलं आणि तिचं मनगट पदरावरून घट्ट धरून ठेवलं. आता सासूच्या एका बाजूला खोटी सून होती आणि दुसऱ्या बाजूला खरी.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी पाय आपटला.

छन्न.

आत गाय उठून उभी राहिली आणि हंबरली.

मी दुसरा पाय आपटला. ती भिंतीशी आली. तिच्यामागे बाकीची उठली.

"थांब, थांब," पाटील तक्क्यावरून पुढे सरकले. "पुन्हा कर."

मी पुन्हा केलं. कोंडवाडा हंबरला.

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "बोलता येत नसंल बिचारीला. मुकी दिसती." माझ्या सासूनं सहानुभूतीनं माझ्याकडे बघितलं. "जनावर खोटं बोलत न्हाई. आडणा काढा रे. हे बघ बाई, तू फुडं चाल. गुरं तुझ्यामागं आली तर तुझी. एकदा दार ओलांडलं की सुटली. मग कुणी काही बी सांगितलं तरी मी पुन्हा आत घेणार न्हाई. बराबर?"

"बराबर," लोक म्हणाले.

कोंडवाड्याच्या दाराचा आडणा निघाला. मी चालायला लागले.

आता या ठिकाणी मी नम्रपणे नमूद करते की मी नुसती चालले नाही. गाईला ऐकू जायला हवं होतं, हे खरं. पण गाईला जेवढं लागत होतं त्याच्या चौपट मी वाजवलं. खांदे मागे, मान वर, टाच अशी दाबून की प्रत्येक पावलाला वेगळा ठेका. घागरा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते कुठे तरी माझ्या आतच होतं आणि वांग्याच्या रंगाखाली दीड वर्ष दबून पडलं होतं. आंधळ्या गाईनं उंबरठा ओलांडला. तिच्यामागे एकेक करत सगळी पिवळ्या पायांची बाहेर आली. शेवटचं वासरू उडी मारून निघालं आणि पाटील म्हणाले, "सुटली."

मी ओढ्याची वाट धरली. गाव माझ्या पाठीकडे बघत उभं होतं. आमचे हे नुकतेच शेतातून गाडी घेऊन आले होते, ते गर्दीत शिरून आईजवळ उभे राहिले. मला ते मागाहून कळलं. आईच्या हातात पदर ओढलेली, खाली मान घातलेली, एक शब्द न बोलणारी सून. आणि समोर, चेहरा हनुवटीपर्यंत झाकून, परक्या घागऱ्यात, त्यांच्याकडे पाठ करून चाललेली एक बाई. चुलीपुढच्या उजेडात ज्यांना आई आणि बायको यांतला फरक कळला नव्हता, ते माझ्या पाठीकडे बघत राहिले, बघत राहिले, आणि अख्ख्या चावडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"आई, तू धरून ठेवली ती कोण व्हय? आपली तर गुरं घेऊन चालली!"